शब्दचर्चा: वाळूचा दाणा ‘भंगतो’ की ‘फुटतो’?

कोपरखैरणेकर: दाबाखाली मातीचे कण कसे फुटतात, याच्या संगणकी मॉडेलवर स्थापत्यच्या मुलांसाठी लेख लिहितोय. ‘कणभंजन’ चालेल का?

तुर्भे_खडीवाला: भंजन म्हटलं की मूर्तिभंजनच आठवतं बुवा. खाणीवर दगड फुटतो, कड झडते, खाली चुरा पडतो. तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एका शब्दात का कोंबता?

ठाणे_पूर्व: खडीवाल्यांचं मॉडेललाही लागू आहे. कंडल आणि स्ट्रॅक या संशोधकांच्या 1979 च्या संगणकी पद्धतीत प्रत्येक दाणा म्हणजे सुटी चकती किंवा गोळा. दाणे एकमेकांना टेकतात तिथला जोर हिशेबाने काढायचा, त्यावरून पुढची हालचाल. मुळात यात दाणा फुटतच नाही! फोडायचा तर बारीक गोळ्या चिकटवून दाणा बनवायचा आणि बंध तुटू द्यायचे. किंवा जोर मर्यादेबाहेर गेला की दाणा काढून त्या जागी लहान दाणे ठेवायचे. पहिल्या रीतीत कड झडतानाही दिसते, पण संगणक रडकुंडीला येतो. दुसरी झटपट, पण तीत नुसतं ‘फुटणं’.

‘चुरा’ मात्र नको. त्यात सगळंच बारीक झाल्यासारखं वाटतं. खरं तर मोठ्या दाण्यात भेगा जास्त, म्हणून एकटा दाबला तर तो आधी फुटेल. पण भोवती लहान दाण्यांचा टेका मिळाला की जोर वाटला जातो आणि तो वाचतो. शेवटी मोठे, मधले, बारीक सगळेच शिल्लक राहतात.

कोपरखैरणेकर: म्हणजे ‘भरड’!

वाशीची_काकू: अरे, भरडायला जातं लागतं. इथे नुसता दाब आहे. उरलेल्या मालाला ‘भरड’ म्हण हवं तर, क्रियेला ‘दाणे फुटणे’च राहू दे. आणि ‘मातीचे कण’ आधी काढ. आपल्याकडे माती म्हटलं की मुलांना खाडीचा चिखल दिसणार. त्यावर भराव टाकला की पाणी हळूहळू पिळून निघतं आणि जमीन खचते. तिथे दाणे फुटण्याचा प्रश्न नसतो. तुझा विषय वाळूचा. त्यातही शंखशिंपल्यांची वाळू क्वार्ट्झच्या वाळूपेक्षा फार कमी दाबाला फुटते.

कोपरखैरणेकर: बरं काकू, ‘वाळूचे दाणे’ करतो. पण कड झडण्याला ‘झीज’ म्हणू का?

तुर्भे_खडीवाला: झीज घासून होते. टोकावर जोर येऊन तुकडा उडाला तर ‘टवका’.