मदत हवी आहे: जीव दोनदा जन्मला असेल, तर रंकाळ्याच्या पाण्यात तो ओळखायचा कसा?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा, शिक्षण बी.कॉम., तेव्हा सांभाळून घ्या. भाची नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं विषय धरलाय: पृथ्वीवर जीव एकदाच निर्माण झाला की अनेकदा? ज्वालामुखीचं मॉडेल कर म्हटलं, ऐकत नाही. म्हणते, मामा, रंकाळ्याचं पाणी तपासूया.

मी वाचलं ते असं. आज माहीत असलेले सगळे जीव, शेवाळ काय नि आपण काय, एकाच गोतावळ्यातले. डीएनए तोच, प्रथिनं डावखुऱ्या अमिनो आम्लांची (हे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असे दोन प्रकारचे असू शकतात), जनुकीय संकेत, म्हणजे जनुकांवरून प्रथिनं बनवायची लिपी, तीही जवळपास तीच. म्हणजे मूळपुरुष एक. पण म्हणून सुरुवातही एकदाच झाली असं कुठे ठरतं? बाकीचे वंश बुडाले असतील. डार्विनने १८७१ च्या पत्रात लिहिलंय की आज एखाद्या कोमट डबक्यात असं काही तयार झालंच, तर हयात जीव ते लगेच फस्त करतील.

भाचीचं म्हणणं, बुडाले नसतील तर? कुठे दडून बसले असतील तर? तत्त्वज्ञ कॅरोल क्लेलंड आणि जीवरसायनशास्त्रज्ञ शेली कॉपली यांनी २००५ मध्ये हीच शंका मांडली. पण पीसीआर चाचणी (डीएनएच्या प्रती काढून जीव ओळखायची पद्धत) ओळखीच्या जनुकांनाच पकडते. ज्याच्याकडे डीएनएच नाही तो तिच्यात सापडणार कसा? इथे माझं गाडं अडलंय.

शाळेच्या पातळीवर, कमी खर्चात काय करता येईल? आणि कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला जिवाणू डीएनएत फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो असा दावा होता, त्याचं पुढे काय झालं? परीक्षक हमखास विचारणार.

प्रतिसाद १
आर्सेनिकचा दावा २०१० चा. २०१२ मध्ये इतरांनी तपासलं, तर त्या जिवाणूला फॉस्फरस लागतोच असं निघालं. २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाने तो दावा करणारा शोधनिबंध मागे घेतला. आणि तो जिवाणू तसाही आपल्याच गोतावळ्यातला होता.

प्रयोगाला पारदर्शक बाटली घ्या. तळ्याचा चिखल, त्यात वर्तमानपत्राचे कपटे आणि उकडलेल्या अंड्याचा बलक कालवा, वर तळ्याचंच पाणी. झाकण सैल ठेवून बाटली खिडकीत. कपटे म्हणजे कार्बन, बलक म्हणजे गंधक. काही आठवड्यांत हिरवे, जांभळे, काळे थर धरतात. सगळे आपलेच भाऊबंद, पण एका बाटलीत किती तऱ्हेनं जगतात ते दिसतं.

प्रतिसाद २
आरशातल्यासारख्या उलट्या रेणूंचं, म्हणजे उजव्या अमिनो आम्लांसारखं, खाद्य देऊन कोण वाढतं ते बघायचं, अशीही एक कल्पना आहे. पण साध्या जिवाणूंकडेही उजव्याचं डावं करणारी विकरं (एन्झाइम) असतात. काही वाढलं तरी सिद्ध काहीच होत नाही. शिवाय ती रसायनं महाग. बाटलीच बरी. फक्त सडक्या अंड्याचा वास सुटेल, घरी आधी सांगून ठेवा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. चिखल रविवारी आणतो. ताईला वासाचं भाचीच सांगेल, मी मध्ये पडत नाही.