मदत हवी आहे: विकतची मायकोरायझा पावडर की रानातली माती?

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आमच्या मुरमाड टेकाडावर जांभूळ, करंज आणि आंब्याची रोपं लावायची आहेत. नर्सरीवाला म्हणतो, खड्ड्यात मायकोरायझा (मुळांशी जोडी जमवून रोपाला स्फुरद देणारी आणि बदल्यात साखर घेणारी बुरशी) पावडर टाकाच. पाकिटावर एकाच बुरशीचं नाव आहे: ऱ्हायझोफॅगस इर्रेग्युलॅरिस. मला शंका अशी की मातीतल्या मूळच्या बुरशांशी तिचं जमेल का, की भांडण लागेल?

थोडं वाचलंय. कॅलिफोर्नियात पायनस म्युरिकाटा या पाइनच्या रोपांवर ऱ्हायझोपोगॉन या बुरशीच्या दोन जातींची स्पर्धा तपासली होती (२००५). जी मुळांवर आधी पोचली, तिनेच जागा बळकावली. थोडक्यात, रेल्वेच्या डब्यात रुमाल टाकल्यासारखं! पण पाइनची बुरशी मुळांना बाहेरून वेढते. आपल्या जांभूळ-आंब्याची पेशींच्या आत शिरते. मग हाच नियम इथे लागू पडतो का?

शिवाय २०११ च्या एका प्रयोगात लसूणघासाच्या जातभाईने जास्त स्फुरद देणाऱ्या बुरशीला जास्त साखर पुरवली. म्हणजे रोपही हिशेब ठेवतं. तसं असेल तर रोपाच्या पिशवीतच मुळांवर आधी बसलेली आळशी बुरशी रोप नंतर बदलू शकतं का?

जवळच्या देवराईच्या कडेची, जुन्या जांभळाखालची ओंजळभर माती पिशवीत मिसळावी असं मनात आहे. कुणी दोन्ही करून पाहिलंय का? मुळं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली असतील तर फारच उत्तम. आणि सुपर फॉस्फेट टाकू की नको? स्फुरद जास्त झालं की रोप बुरशीला विचारत नाही म्हणतात.