‘पोट उघडलेलंच असतं, तर त्यातच उरकून टाका’

घाटावरची
परवा इथे एका गृहस्थांनी लिहिलं होतं: "बायकोचं दुसरं सिझर होतंच आहे, तर मूल बंद होण्याचं ऑपरेशनही त्यातच उरकून टाकावं, पोट उघडलेलंच असतं. पुरुषाने उगाच रजा कशाला घालवायची?" त्याला शंभरेक अंगठे, आणि त्यात बायकाच जास्त. तिथेच उत्तर लिहायला बसले, ते मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

पोट उघडलेलंच असतं! फ्रिज उघडलाच आहेस तर दहीही काढ, तसं. आणि बाकीच्यांचं काय, ज्यांचं सिझर होतच नाही? त्यांचंही पोट उघडतातच की.

देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेने केलेलं पाचवं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ४९.१ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं. नवऱ्याची नसबंदी झालेल्या किती? ०.४ टक्के. बिनटाक्याची नसबंदी म्हणजे जागेवर भूल, एक बारीक छिद्र, वीस मिनिटं. तरी ०.४.

आणि "पुरुष पहिल्यापासून तयार नव्हतेच" हेही सांगू नका. १९७१च्या जुलैत एर्नाकुलमच्या एका शिबिरात ६३ हजारांवर पुरुषांनी नसबंदी करून घेतली होती. मग आणीबाणी आली, जबरदस्ती झाली, सरकार पडलं. तेव्हापासून सगळ्या पक्षांनी कानाला खडा लावला की पुरुषांच्या वाटेला जायचं नाही, ते मतं देतात. मतं बायकाही देतात. पण यावरून सरकार पाडत नाहीत, एवढंच.

आमच्याकडे नवऱ्याने करून घेतली. डॉक्टरांनी घट्ट लंगोट घालायला सांगितला होता. मेडिकलमध्ये नाही, कापडवाल्याकडे नाही. शेवटी तालमीशेजारच्या दुकानात मिळाला, आणि दुकानदार ह्यांना म्हणतो, "या वयात कुस्ती?" सासूबाई माझ्याशी तीन आठवडे बोलल्या नाहीत. ह्यांच्याशी बोलत होत्या.

बाराबंदी
ते गृहस्थ मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

ताई, तुमचे आकडे तुमच्यापाशी. माझ्या चुलतभावाने केली होती नसबंदी. हौसेने, स्वतःहून, कुणी ढकललं नव्हतं. दुसऱ्याच महिन्यात वहिनींना दिवस गेले. गाव काय म्हणालं ते सांगायला नको. वहिनी सात महिने माहेरी. शेवटी पोरगी झाली, आता पाचवीत आहे, तोंडावळा हुबेहूब भावाचा. तरी आत्याबाई अजून तिला जवळ घेत नाहीत. बाईचं ऑपरेशन फसलं तर निदान तिच्यावर आळ तरी येत नाही. हे कुठल्या सर्वेक्षणात येतं?

रात्रपाळी
सरकारी दवाखान्यात आहे, म्हणून एवढंच. नस कापली तरी तिच्या पुढच्या भागात शुक्रजंतू शिल्लक असतात. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं, शून्य आलं की मोकळे. तुमच्या भावाला हे कुणी सांगितलं नाही, ही चूक आमच्या लोकांची. नसबंदीची नाही.

आणि बाईचं ऑपरेशन फसत नाही हा गैरसमज आहे. अमेरिकेतला मोठा पाहणी अभ्यास १९९६ साली आला. दहा वर्षांत हजारी साधारण साडेअठरा बायकांना ऑपरेशननंतरही दिवस गेले होते.

घाटावरची
बाराबंदी, वहिनींचं वाचून वाईट वाटलं. खरंच. पण तुमच्याच गोष्टीतून काय निघतं ते बघा. फसली नसबंदी भावाची, शिक्षा भोगली वहिनींनी आणि त्या पोरीने. आणि त्यावर तुमचा उपाय काय? बायकोचंच पोट कापा, म्हणजे आळ नको. धन्य आहे. तीन महिन्यांची गोष्ट मी लिहायला हवी होती हे मान्य. लंगोटाच्या नादात राहून गेलं.

बाराबंदी
धन्य तर धन्य. पण तो ०.४ आकडा मला तरी पटत नाही. आमच्याकडचा कुठला पुरुष सर्वेक्षणवाल्यांना सांगेल, हो, माझी झाली आहे म्हणून?

वहीपेन्सिल
तुम्हाला विचारतंय कोण?

मी त्याच सर्वेक्षणात घरोघर फिरले आहे, म्हणून हसू आलं. देशभरात ७ लाख २४ हजार बायकांच्या मुलाखती झाल्या आणि पुरुषांच्या जवळपास १ लाख २ हजार. नवऱ्याची नसबंदी झाली का, हेसुद्धा बायकोलाच विचारायचं. पुरुषांना विचारलं ते वेगळंच: गर्भनिरोध ही बायकांची बाब आहे, पुरुषाने त्यात पडू नये, हे पटतं का? शंभरात पस्तीस म्हणाले, पटतं.

मुलाखत एकांतात घ्यायची असा नियम. दोन खोल्यांच्या घरात एकांत कुठून आणणार? सासू दारात तांदूळ निवडत बसते. मी विचारायचे, "हे मूल हवं होतं का?" सून सासूकडे बघायची. सासू म्हणायची, "लिही, हवं होतं." एका घरी मी सासूबाईंना म्हटलं, रक्त तपासायचं आहे, आधी हात धुऊन या. त्या मोरीत गेल्या तेवढ्यात सून तीन वाक्यं बोलली. ती तीन वाक्यं खरी, आधीचा अर्धा तास मला काय माहीत. वर आम्ही एजन्सीच्या कंत्राटावर, शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे अजून यायचेत.

बाराबंदी
म्हणजे आकडे खोटे! मी तेच म्हणत होतो.

वहीपेन्सिल
खोटे म्हटलेलं नाही. नीट वाचा. ऑपरेशन झालं की नाही हे सासूसमोरही खरंच सांगतात, त्यात लपवायचं काय? लपतं ते ‘हवं होतं का’.

फाटकीडायरी
मी आशा कार्यकर्ती आहे, तीन वाड्या माझ्याकडे. सर्वेवाल्या ताई दोन दिवस येऊन गेल्या, आम्ही रोज तिथेच. तुमचे दोन महिन्यांचे राहिले, आमचं मानधन कधी वेळेवर आलंय? मोबाईलवर चार ॲप भरायची, रेंज टेकडीवर.

वहीपेन्सिल
ताई, दुःखाची शर्यत लावायला मी आले नाही.

फाटकीडायरी
लावू नका. पण ‘तीन वाक्यं’ ऐकून कुणाला अगदी खरं कळल्यासारखं वाटत असेल तर सांगते. तुमच्या त्या सुनेला पुढच्या वर्षी पुन्हा दिवस गेले तेव्हा तिच्याजवळ तुम्ही नव्हता.

वहीपेन्सिल
कुठली सून हे तुम्हाला माहीत तरी आहे का? कमाल आहे.

घाटावरची
अहो, धागा नसबंदीचा आहे.

फाटकीडायरी
त्याचंच बोलते. ऑपरेशन-ऑपरेशन सगळे करताय, अंतराचं कुणी बोलत नाही. आमच्याकडे पोरी विशीत दोन मुलं उरकतात आणि पंचविशीत टाके घालून मोकळ्या. दोन बाळंतपणांत तेरा महिने. पहिलं अंगावर पितंय, तोवर दुसरं पोटात. मागच्या पावसाळ्यात असंच एक बाळ आलं, पावणेदोन किलोचं. दिवसाआड वजन करायला जायचे, झोळीत घालून काट्याला लावायचं. काटा हलेना. तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवू म्हटलं तर सासू म्हणते तांबी वर छातीत चढते. आता बोला, यात तुमच्या नवऱ्याची नसबंदी काय कामाची? ती दोन मुलं झाल्यावर. मधल्या वर्षांचं काय?

घाटावरची
हे बरोबर आहे. माझ्या डोक्यात नव्हतं.

जुनाखोंड
मी सत्तरीचा. आणीबाणीत आमच्या बार्शीला बाजाराला आलेली माणसं गाडीत घालून नेत. आमचे वडील दोन महिने बाजाराला गेले नाहीत, मीठसुद्धा आई आणायची. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. तेव्हा ‘पुरुष कचरतात’ म्हणताना जरा जपून. आणि रघुनाथराव कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. शंभर वर्षं झाली, वाद तोच.

बाराबंदी
आजोबा बोलले ते पटलं.

घाटावरची
आजोबांचं पटतं. आणि छत्तीसगडच्या सकरीला २०१४ साली एका शिबिरात एका डॉक्टरने ८३ बायकांची ऑपरेशनं केली, तेरा दगावल्या. तेव्हा सरकार पडलं का हो? बायकांनी त्या भीतीने बाजाराला जाणं सोडलं का?

बाराबंदी
…बरं. सिझरचं वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही.

रात्रपाळी
दादा, तुम्ही मागे घ्या नाहीतर पुढे, माझ्या टेबलावर फरक पडत नाही. बिनटाक्याच्या नसबंदीचं प्रशिक्षण सरकारने मला दिलं. यंदा माझ्याकडे पुरुष आले शून्य. हात विसरायला लागलाय.

बाराबंदी
मग डॉक्टर, विसरलेल्या हाताखाली पहिला कोण झोपणार?