फॉर्टीसेकंड स्ट्रीट (१९३३) बघितला, पण पेगी स्टार का होते तेच कळलं नाही

रविवारची_दुपार
परवा एकदाचा फॉर्टीसेकंड स्ट्रीट बघून काढला, जुना ब्लॅक अँड व्हाइट, १९३३चा. लहान गावातली पोरगी ब्रॉडवेवर येते, कोरसमध्ये उभी राहते, ऐनवेळी हिरॉइनचा पाय मोडतो आणि ही रातोरात स्टार, या टाइपच्या सगळ्या ष्टोऱ्यांची ही आजी असं ऐकून होते, त्यामुळे जाम अपेक्षेने बसले होते. पण खरं सांगू का, लव्हस्टोरी कुठाय यात? पेगी (हीच ती पोरगी) चुकून नाटकातल्या तरुण गायकाच्या, बिलीच्या मेकअप रूममध्ये घुसते, तो चड्डीबनियनवर उभा, तिथे ओळख होते हे मस्त आहे, पण त्यानंतर दोघांच्या वाट्याला सीन किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गाणी तर जवळजवळ सगळी शेवटच्या वीस मिनिटांत कोंबलीयेत. आणि पेगी झालेली रुबी कीलर (हिचा पहिला पिक्चर म्हणे) नाचते कसली, धाडधाड पाय आपटते आणि मध्येच खाली स्वतःच्याच पायांकडे बघते! हिला बघून अख्खं थिएटर वेडं होतं यावर माझा काही विश्वास बसेना. माझं काही चुकतंय का? आणि स्टेजवालं व्हर्जन जास्त चांगलं आहे का?

तिसरी_घंटा
चुकत नाहीये, पण लव्हस्टोरी म्हणून बघायला बसलात तिथे गडबड झाली. हा पिक्चर नोकरीबद्दल आहे. मार्च १९३३ म्हणजे अमेरिकेत मंदीचा कडेलोट, कामकरी माणसांपैकी साधारण चौघांत एक बेकार. आता त्या नजरेने पहिली वीस मिनिटं परत बघा. ऑडिशनला पोरींची ही झुंबड, गुडघ्यावर स्कर्ट धरून उभ्या, आणि वरून नुसतं तू, तू आणि तू चाललेलं, बाजारात भाजी निवडतात तसं. डायरेक्टर मार्शचंही तेच, डॉक्टर सांगतोय की नर्व्हज पार गेल्यात, काम थांबव, पण याचे पैसे वॉल स्ट्रीटवर बुडालेत त्यामुळे शो करण्यावाचून इलाज नाही. नाटकाला पैसे लावणारा म्हातारा डिलन लहान मुलांच्या खेळण्यातल्या गाड्या विकतो, त्याला नाटकातलं शष्प कळत नाही, त्याचा डोळा हिरॉइनवर. ती बिचारी त्याला गोडीत ठेवते आणि स्वतःच्या जुन्या पार्टनरला, पॅटला, चोरून भेटते. इथे प्रेम ज्याला त्याला परवडत नाहीये हो.

आणि तो विंगेतला सीन. पेगीची एन्ट्री व्हायचीय, मार्श तिला धरून सांगतो की दोनशे माणसं, दोनशे नोकऱ्या, दोन लाख डॉलर आणि पाच आठवड्यांची मरमर आता तुझ्यावर आहे. लोक त्याच्या पुढचं स्टार होण्याबद्दलचं वाक्य लक्षात ठेवतात, मला मात्र हा हिशोबच जास्त भिडतो. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीला एन्ट्रीच्या आधी कोणी असं सांगतं का राव!

नाचाचं म्हणाल तर कीलर मुळात जड पायाची, जुन्या बक डान्सिंगच्या वळणाची, आवाज काढण्यावर भर. पायांकडे बघते हे मात्र १००% मान्य, मी बचाव करणार नाही.

कॅमेरावाला_काका
गाणी शेवटी आहेत कारण आधी तालीम, मग प्रयोग. पाऊण पिक्चर घामट तालमी दाखवल्यावरच तो शेवट अंगावर येतो. बाकी कीलरबाईंचं राहू द्या, खरा हिरो नाच बसवणारा बझ्बी बर्कली. यंग अँड हेल्दी या गाण्यात फिरत्या स्टेजवर पोरी गोल बसवल्यात आणि कॅमेरा थेट वरून, मग खाली येऊन पायांच्या कमानीतून सरळ आत. कुठल्याही नाटकाच्या प्रेक्षकाला हे दिसणं शक्यच नाही, खुर्चीत बसलेला माणूस छताला कसा लटकेल? म्हणायला ते नाटक आहे पण दिसतंय ते फक्त सिनेमातच दिसू शकतं. त्या काळात म्युझिकल पिक्चरला लोक कंटाळले होते, वॉर्नर कंपनीने हा काढला आणि परत लाट आली, त्याच वर्षी त्यांनी याच पठडीतले अजून दोन काढले. १९३४च्या मध्यापासून सेन्सॉरचा कोड कडक झाला, त्यानंतर असले चावट डायलॉग बंदच.

विंगेतली_बाई
मला त्या पोरीबद्दल वेगळंच वाटतं. हौशी नाटकात मी एकदा अशी बदली म्हणून उभी राहिलेय, मुख्य बाईला ताप, आदल्या रात्री फोन, सकाळपासून उभ्या-उभ्या पाठांतर. लोकांना वाटतं की अशा वेळी आपण चमकतो. अजिबात नाही! पडदा उघडल्यावर माझं सगळं लक्ष खडूने केलेल्या खुणांकडे होतं, इथे थांब, इथून वळ, आता पाणी उचल. सहकलाकार ओठ न हलवता पुढचं वाक्य सांगत होता. प्रेक्षक बरे की वाईट ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, टाळ्या वाजल्या तेव्हा आधी वाटलं काहीतरी पडलं वाटतं. त्यामुळे रुबी कीलर खाली बघते तेव्हा मला तरी ते खोटं वाटत नाही, एका दिवसात शिकवलेली पोरगी खाली बघणारच की. (अभिनयातून तसं करते असा माझा दावा नाही हं, ती बहुतेक कायमच तशी नाचायची.)

आणि कोणी कोरसमधल्या ॲनीचं नाव कसं घेतलं नाही? जिंजर रॉजर्स हो! हिरॉइनचा पाय मोडल्यावर डिलन तिला पुढे करतो, मुख्य रोल तिच्या हातात आयता आलाय, आणि ती सांगते की मला झेपणार नाही, त्या पेगीला घ्या. सगळ्या पिक्चरमध्ये एवढा मोठा त्याग कोणी केला नसेल आणि त्यावर धड एक क्लोजअपपण रेंगाळत नाही. नंतर बफेलोच्या गाण्यात ती बर्थवर बसून फळ खात टोमणे मारताना दिसते, बस.

बाल्कनी_शेवटची_रांग
स्टेजचं विचारलंय म्हणून. १९८०चं म्युझिकल, २५ ऑगस्टला विंटर गार्डन थिएटरला पहिला प्रयोग. तिथे पेगी पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनची, आणि हिरॉइनचा पाय पेगीच्याच धक्क्याने मोडतो (सिनेमात बाई आदल्या रात्री पिऊन भांडणात पडते). मग मार्श पेगीला हाकलतो आणि नंतर स्वतःच स्टेशनवर जाऊन तिला परत आणतो, ललबाय ऑफ ब्रॉडवे तिथे येतं, जे मूळ सिनेमात नाहीच, १९३५च्या दुसऱ्या पिक्चरमधलं उचललंय. गोष्ट म्हणून हे जास्त घट्ट, कारण पेगीचा स्वतःचा दोष मध्ये येतो. नाच तर दसपट. पण सगळं फार चकचकीत, भूक कुठे दिसत नाही.

त्या पहिल्या प्रयोगाचं माहितीये ना? दिग्दर्शक गोवर चॅम्पियन त्याच दिवशी सकाळी वारला. निर्माता मेरिकने नटांना पत्ता लागू दिला नाही, शेवटी टाळ्या चालू असताना स्टेजवर येऊन जाहीर केलं. लोकांना आधी तो गंमत करतोय असं वाटलं. पुढे ३,४८६ प्रयोग झाले. बघायचं असेल तर लंडनच्या ड्रुरी लेनला २०१७ला परत उभं केलेलं, त्याचं शूटिंग झालंय, ते शोधा.

रविवारची_दुपार
बाप रे, चॅम्पियनचं माहीत नव्हतं. मेरिकने नटांपासून लपवलं हे बरोबर की चूक तेच ठरेना, नटांच्या जागी मी असते तर जाम भडकले असते.

काल रात्री परत लावला, या वेळी ॲनी आणि मार्श दोघांवर नजर ठेवून. आणि शेवट मी पहिल्यांदा धड बघितलाच नव्हता, गाणं संपलं की उठून चहा टाकायला गेले होते! लोक बाहेर पडतायत, मार्श गल्लीत उभा, आणि प्रत्येक जण म्हणतोय की खरी कमाल त्या पोरीची, नाव मात्र हा मार्श खाणार. तो काही न बोलता लोखंडी जिन्याच्या पायरीवर बसतो. पेगी कुठेच नाही, बिली नाही, किस नाही.

तिसरी_घंटा
पोरगी आत असेल, बूट काढत.