सावंत काकांची सकाळची गोळी

सावंत काका (ए ३०२): गुड मॉर्निंग मंडळी. मला मागे अल्सर झालेला, आता ७२ वय, तर म्हातारपणी पोटातलं ॲसिड आपोआप कमी होतं म्हणतात ना, मग ती सकाळची ॲसिड कमी करायची गोळी बंद केली तर चालेल का, उगाच किती गोळ्या गिळायच्या

नीलेश (बी ५०४): हो काका होतंच कमी. थंड दूध घ्या, बेस्ट 👍

परब सिस्टर (ए १०१): नीलेश थांब जरा. नुसतं वय वाढलं म्हणून ॲसिड कमी होत नाही, ज्यांचं होतं त्यांच्यात बहुतेकदा एच पायलोरी जंतूने वर्षानुवर्षं जठराचं अस्तर झिजवलेलं असतं, ॲसिड बनवणाऱ्या पेशीच उरत नाहीत. ड्युओडेनमचा (जठराला लागून असलेल्या आतड्याच्या सुरुवातीचा) अल्सर असेल तर ॲसिड नॉर्मल नाहीतर जास्तच. वयाने कमी होतो तो जठराच्या आतला चिकट थर, ॲसिड मारणारं बायकार्बोनेट आणि हे दोन्ही टिकवणारं प्रोस्टाग्लँडिन. म्हणजे पाऊस तेवढाच, पण गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलेलं

म्हात्रे काकू (बी २०१): गच्चीवरून आठवलं, सेक्रेटरी साहेब कोटेशनचं काय झालं?? 😄

परब सिस्टर: काकू नंतर हो. काका, गुडघ्यासाठी काय घेता?

सावंत काका: मेडिकलवाला देतो ती डायक्लो, पेनकिलर. जेवणानंतरच घेतो हां. आणि हार्टची ॲस्पिरिन

परब सिस्टर: जेवून घेतली तरी रक्तातून जाऊन प्रोस्टाग्लँडिन कमी करतेच, त्यात ॲस्पिरिनची भर. अशात सकाळची गोळी काढायची म्हणजे कमाल आहे! ॲस्पिरिन पण मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि या वयात अल्सर कधीकधी दुखतच नाही, डायरेक्ट काळी चिकट शी होते, चक्कर येते, तसं झालं तर रात्रीचे २ वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं

नीलेश: आणि दूध?

परब सिस्टर: घटकाभर बरं वाटतं, मग त्यातलं प्रोटीन नि कॅल्शियम उलट ॲसिड वाढवतं

नीलेश: एच पायलोरी म्हणजे ते ऑस्ट्रेलियन डॉक्टर स्वतःच जंतू प्यायले तेच ना

परब सिस्टर: हो, बॅरी मार्शल, १९८४ साली. २००५ ला रॉबिन वॉरेनबरोबर नोबेल. काका तुमची ती टेस्ट झालेली का?

सावंत काका: दुर्बीण घातलेली, जंतूचं आठवत नाही. फाइल माळ्यावर आहे

परब सिस्टर: ती काढा आधी. जंतूसाठी श्वासाची टेस्ट सांगितली तर ही सकाळची गोळी आधी २ आठवडे थांबवावी लागते, नाहीतर जंतू असून निगेटिव्ह येऊ शकते, पण तेही डॉक्टर सांगतील तेव्हाच

सावंत काका: सोमवारी जातो. शिडी धरायला कोणी येईल का

नीलेश: मी येतो काका, ८ पर्यंत पोचतो, ट्रेन वेळेवर असली तर