स्वस्तातला प्लास्टिकचा योयो: तुमचे अनुभव सांगा

मंडळी, भाच्याच्या वाढदिवसाला तुळशीबागेतून 120 रुपयांचा प्लास्टिकचा योयो घेतला. त्याने दोनदा खाली सोडला, तो तिथेच लोंबकळत राहिला, वर यायचं नाव नाही. "मामा, हा बिघडलाय" म्हणून भाचा क्रिकेटला गेला आणि योयो राहिला माझ्याकडे. आता रोज जेवण झालं की गॅलरीत माझंच चालू असतं, बायको काही बोलत नाही पण बघते. तर ज्यांनी असले स्वस्तातले योयो खेळलेत त्यांनी लिहा, किती टिकला, खाली जाऊन झोपतो का (म्हणजे तिथेच गरगरत राहतो का), दोरीचं काय करता. मेटलवाल्यांनी पण लिहा, पण जरा जपून.

पेठेतला बाबा
आधी दोरी बघा. योयो जमिनीवर टेकवा, दोरी सरळ वर धरा आणि बेंबीच्या जरा वर कापून बोटासाठी नवीन फास करा. दुकानातली दोरी मोठ्या माणसाच्या मापाची असते हो, माझी मुलगी आठ वर्षांची, तिचा योयो दर वेळी फरशीवर ठाण्णकन, खालच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या. वीतभर दोरी कापली, फरशी पण शांत आणि काकू पण.
दुसरं म्हणजे मी शहाणपणा करून दोरी मधल्या दांडीला गाठ मारून बांधली होती. असं करायचं नाही. ती मुळात एकच दोरी दुमडून पीळ दिलेली असते, खालच्या टोकाचा पीळ उलटा सोडला की फास उघडतो, तो दांडीत नुसता अडकवायचा. गाठ मारली की योयो खाली जातो आणि लगेच उलटा वर, झोपणार कुठे? तुमचा वरच येत नाही म्हणताय तर फास दांडीला दोन वेढे घालून बघा, पकड वाढते.

भोवरेवाले आजोबा
सोडला म्हणता तिथेच चुकलं, योयो सोडायचा नसतो, हाणायचा असतो. दंड दाखवतो तसा हात कोपरात वाकवायचा आणि तिथून मनगटाने खाली. आम्ही वाड्याच्या अंगणात भोवऱ्याला जाळी गुंडाळून हातजाळी घेणारी माणसं, मला वाटलं हे काय पोरखेळ, पण नातवाचा योयो घेऊन पहिले चार दिवस गुडघाच फोडून घेतला. आमचा अगदी हलका आहे आणि दोन्ही बाजू सारख्या नाहीत, त्यामुळे जरा वाकडा फेकला की कलतो, दोरी योयोच्या आतल्या भिंतीला घासते आणि दम जातो. जास्तीत जास्त सहा सेकंद झोपतो. चांगल्यांमध्ये वजन कडेला असतं म्हणून ते फिरत राहतात, साधं गणित आहे.

कोथरूड
आमचा दुसऱ्याच दिवशी उघडला. एक भाग सोफ्याखाली सापडला, दुसरा शोधतोय.

वारजे, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष
वरच्यांसाठी, खेळण्याआधी दोन्ही भाग पिळून घट्ट करत जा.
माझा ऑनलाइन 350 चा, प्लास्टिकच पण आत बेअरिंग. झोपतो मस्त, पण नुसतं खेचून वर येत नाही, दोरीचा एक पदर मध्ये घालून त्याला पकडायला लावावं लागतं, त्याला बाइंड म्हणतात, मला शिकायला दोन आठवडे लागले. मग आवाज येतो म्हणून अतिहुशारी केली आणि बेअरिंगमध्ये खोबरेल तेल घातलं. डिसेंबरात सकाळी बघतो तर तेल थिजलेलं, योयो फिरतच नाही!! मग बहिणीचं नेलपॉलिश रिमूव्हर आणलं, बेअरिंग बाहेर न काढताच थेंब टाकले, ते ओघळून प्लास्टिकवर गेलं आणि तिथला भाग पांढरा चिकट झाला. शेवटी जुन्या फिजेट स्पिनरचं बेअरिंग काढून बसवलं. माझ्या स्पिनरमध्ये आर-188 होतं, बाहेरून 12.7 मिमी, आतून 6.35, योयोत पण तेच माप निघालं. सगळ्या स्पिनरमध्ये नसतं हं, मोजून बघा.

एक शिक्षिका
सातवीच्या वर्गात मी मुद्दाम स्वस्तातलाच नेते. एप्रिल 1985 मध्ये नासाच्या डिस्कव्हरी यानातून अंतराळात खेळणी नेली होती, त्यात डंकन कंपनीचा साधा प्लास्टिकचा योयो होता. तिथे तो इकडे तिकडे जाऊन परत यायचा पण झोपायचाच नाही, कारण दोरी ताणून धरायला खाली ओढणारं काही नाही. मग मुलांना विचारते, आपला का झोपतो? शेवटच्या बाकावरून उत्तर आलं, "मॅडम, दुपारची शाळा म्हणून."

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. दोरी कापली, दोन वेढे घातले, आजोबांनी सांगितलं तसा हाणला, दहातून सात वेळा हातात येतोय. झोप मात्र तीन सेकंदांचीच, आणि अर्ध्या तासाने दोरीला इतका पीळ बसतो की योयो खाली मोकळा लोंबकळवून सुटू द्यावा लागतो. काल भाचा आला, बघितलं आणि म्हणाला, मामा माझा योयो दे. म्हटलं अरे तुझा तर बिघडलाय ना.