महर्षी शिंदे यांचा निवाडा एका साउथबरो समितीवरून करायचा का?

भिंगारकर (धागाकर्ते)
विठ्ठल रामजी शिंदे यांचं नाव काढलं की हल्ली लगेच साउथबरो समिती येते. १९१८-१९ मध्ये मताधिकाराच्या चौकशीसाठी ही समिती हिंदुस्थानात आली होती. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळात कसे जावेत, यावर शिंद्यांनी अस्पृश्यांसाठी काढलेली संस्था, म्हणजे डिप्रेस्ड क्लासेस मिशन, एकीकडे आणि बाबासाहेब दुसरीकडे, असं चित्र उभं राहिलं. तेवढ्यावरून या माणसाला मोडीत काढणं मला अन्यायाचं वाटतं.

जन्म १८७३, जमखंडी, घर मराठ्यांचं. ऑक्सफर्डला तौलनिक धर्माचा अभ्यास करून १९०३ मध्ये परतले आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. १९०५ मध्ये नगरजवळ भिंगारला महार मंडळींनी रात्री सभा भरवली होती. तिथे जे ऐकलं त्यानंतर त्यांना स्वस्थ बसवेना. १८ ऑक्टोबर १९०६ ला परळच्या ग्लोब मिल पॅसेजमध्ये मिशनची पहिली शाळा निघाली. बहीण जनाक्का त्याच कामात. पुढे वसतिगृह आणि पुस्तकबांधणीचा वर्गही सुरू झाला. तेव्हा बाबासाहेब पंधरा वर्षांचे होते. नुसती भाषणं करणारे सुधारक पुष्कळ होते, पण अख्खं घर या कामाला जुंपणारे किती?

सुजाता क.
असहमत. शाळा काढल्या हे कुणीच नाकारत नाही. पण वाद नेमका कशावरून झाला ते तुम्ही लिहिलंच नाही, म्हणून मी लिहिते. बाबासाहेबांचं म्हणणं होतं की लोकसंख्येच्या प्रमाणात जागा द्या आणि आमची माणसं आम्हाला निवडू द्या. मिशनची सूचना अशी की हे प्रतिनिधी कायदेमंडळाच्या निवडून आलेल्या सभासदांनी निवडावेत. आता ते सभासद कोण असणार होते? मे १९२० मध्ये नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली. तिथे या सूचनेचा निषेध झाला, म्हणजे हा एकट्या बाबासाहेबांचा राग नव्हता. माझ्या पणजोबांना कुणी अक्षरं शिकवली असतील तर त्याचे उपकार आहेतच, पण म्हणून त्यांचं मत दुसऱ्याने द्यायचं?

परळकर
सुजाताताई, शिंदे सवर्णांच्या शब्दावर भाळणारे नव्हते हो. १९१८ ची मुंबईची अस्पृश्यता निवारण परिषद बघा. अध्यक्ष सयाजीराव महाराज. टिळकांनी तिथे जोरदार भाषण केलं, टाळ्या पडल्या. पण स्वतःच्या रोजच्या वागण्यात अस्पृश्यता पाळणार नाही अशा जाहीरनाम्यावर सह्या घ्यायची वेळ आली, तेव्हा टिळकांची सही काही मिळाली नाही. शिंद्यांना टाळ्या नको होत्या, सही हवी होती.

सुजाता क.
परळकर, हा तर माझाच मुद्दा झाला! सही करताना माणसं कशी मागे सरतात हे ज्यांनी १९१८ मध्ये समोर बघितलं, त्यांनी १९१९ मध्ये त्याच वर्गाच्या हाती आमची निवड सोपवली?

भिंगारकर
प्रश्न रास्त आहे. मला दिसतं ते असं. जातवार मतदारसंघ झाले की जातीच्या भिंती कायद्याने पक्क्या होतील, ही त्यांची भीती होती. हा नियम त्यांनी स्वतःच्या जातीलाही लावला. १९२० च्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखीव जागा होत्या, तरी ते पुण्यातून सर्वसाधारण जागेवर उभे राहिले. पडले. घरची जागा सोडून पडलेल्या माणसाच्या हेतूवर मी शंका घेणार नाही.

सुजाता क.
हेतूवर मीही घेत नाही. पण ते पडले म्हणून कुणी मराठ्यांना पाणवठ्यावरून हाकललं नाही. आमचा माणूस सभागृहात नसला तर आमचं पाणी तोडणाऱ्याला जाब विचारायला कुणी उरत नव्हतं. दोघांचं हरणं सारखं कसं?

जुना वाचक
थोडी भर घालतो. १९२३ मध्ये शिंदे मिशनमधून बाजूला झाले आणि सूत्रं अस्पृश्य वर्गातल्या कार्यकर्त्यांकडे गेली. आपणच उभारलेल्या संस्थेवरचा हात असा काढून घेणारे आज किती सापडतात? पुढे १९३० च्या कायदेभंगात ते तुरुंगात गेले. काँग्रेसकडे झुकले म्हणून ब्राह्मणेतर पुढारी नाराज, ब्राह्मणेतर म्हणून सनातनी नाराज, प्रार्थना समाजाचे म्हणून स्वजातीयही दूर. त्यांची बाजू हिरिरीने मांडणारा गटच उरला नाही. १९३३ चा त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ वाचून मग बोलणारेही मला फार भेटलेले नाहीत.

सुजाता क.
१९२३ ची गोष्ट मला महत्त्वाची वाटते आणि ती त्यांच्या बाजूची आहे. पण मग विचारते, संस्था चालवायला आमची माणसं लायक आहेत हे त्यांना १९२३ मध्ये पटलं, तर आपला प्रतिनिधी निवडायला १९१९ मध्ये का नव्हती? भिंगारकर, भीतीचं कारण तुम्ही सांगितलंत. मला उत्तर या प्रश्नाचं हवंय.